गवत मोजील त्याचे गायरान



जिल्हा बैठकीत कापसाचे भाव, विजेचे तास आणि पीकविमा यांवर बोलायलाच वेळ पुरत नाही. त्यात मी गवताचा विषय घेऊन उभा राहिलो तर काही जणांना हसू येईल. घरात कापूस पडून आहे आणि हा गवत मोजायला सांगतो, असे कोणी म्हणाले तर त्याचे फार चुकले असे मी म्हणणार नाही. तरी एवढे वाचून घ्या. मग हसायचे की दोरी घेऊन निघायचे ते ठरवा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ई क्लास जमिनीची पाहणी करायला एक साहेब आले. महिना वैशाखाचा. जीप रस्त्यावर उभी राहिली. साहेब खाली उतरले, पण रस्ता ओलांडून आत काही गेले नाहीत. कागदावर लिहिले, 'जमीन पडीक, खडकाळ, उपयुक्त गवत नाही.' वैशाखात गवत दिसणार कुठून? वैशाखात तर आमच्या काळ्या कसदार शेतातही ढेकळांखेरीज काही दिसत नाही. आम्ही सांगितले, साहेब, आषाढापासून कार्तिकापर्यंत गावची सगळी ढोरे याच जमिनीवर जगतात. साहेबांनी शांतपणे विचारले, 'किती गवत होते? काही आकडा आहे?'

आकडा नव्हता. कापसाचा एका क्विंटलचा उत्पादनखर्च पैशापर्यंत तोंडपाठ असलेली माणसे आम्ही. निंदणाची मजुरी, फवारणीचे पाणी, वेचणीचा दर, सगळ्याचा हिशेब सरकारपुढे मांडत आलो. पण ज्या गवतावर आमचा बैल उभा आहे त्याचा हिशेब आमच्यापैकी एकानेही कधी केलेला नव्हता. त्या दिवशी मला साहेबाचा राग आला. त्याहून जास्त आमचीच लाज वाटली.

'पडीक' हा शब्द गवताचा विचार करून तयार झालेला नाही. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, हा इंग्रजी महसूल खात्याचा हिशेब. इंग्रज गेले, हिशेब राहिला. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघाले. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला गेला आणि पुढे त्याच्या नव्या आवृत्त्याही आल्या. त्यात झुडपी माळ आणि खालावलेली चराऊ राने पडीक जमिनीच्या रकान्यात आहेत. दुसरीकडे वनांचा अहवाल पाहा. एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांच्या फांद्यांची सावली दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ते वनाच्छादन. गवत कितीही उंच असो, कितीही दाट असो, त्या मोजणीत ते येतच नाही. म्हणजे पिकाच्या वहीत गवत नाही, वनाच्या वहीत गवत नाही, आणि जिथे त्याचे नाव आहे तिथे ते पडीक म्हणून आहे. आपल्या सातबारावर धुऱ्याकाठच्या जागेला जसा पोटखराबा म्हणतात, तसेच हे.

आज या जमिनीला मागणी आली आहे. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी देण्यात येत आहेत, त्यात गायरानेही आहेत. शेताला दिवसा वीज मिळावी ही मागणी आपलीच आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण देवघेव करताना दोन्ही पारड्यांत काय आहे ते कळले पाहिजे. एका पारड्यात इतके मेगावॅट आणि दुसऱ्यात 'काही नाही' असे लिहिलेले असेल, तर तो सौदा कसा होणार ते सांगायला नको.

आपल्याला तर गवताची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. ज्वारी होती तेव्हा घरात कडबा होता. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि कडब्याच्या गंजीऐवजी कुटाराचा ढीग आला. जनावर कडब्यावर जशी जीभ फिरवते तशी कुटारावर फिरवत नाही. पऱ्हाटीचे सरपण होते, दावणीला त्याचा उपयोग नाही. ढेप विकत घ्यावी लागते. मग उरले काय? धुऱ्यावरचे गवत आणि गायरान.

तेव्हा गवत मोजायचे. पण कसे?

नजरेने मोजता येत नाही, ही पहिली गोष्ट. नजरअंदाज पैसेवारी काय चीज असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. गवताच्या बाबतीतही नजर तशीच फसवते. अमेरिकेत नेब्रास्का नावाचे राज्य आहे. तिथेही मैलोगणती गवताची राने. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि रॉस्को पाउंड हे दोघे तरुण तिथल्या वनस्पतींची पाहणी करत होते. कोणती वनस्पती विपुल, कोणती तुरळक, हे तेही आधी सगळ्यांसारखे पाहूनच लिहीत. मग त्यांनी पाच-पाच मीटरचे चौकोन आखले आणि आतली रोपे एकेक करून मोजली. पाहून केलेला अंदाज आणि मोजून आलेला आकडा यांचा मेळच बसेना. उंच, फुलांनी डोळ्यात भरणारी झाडे नजरेने वाढवून ठेवली होती, आणि पायाखालची बारीक झाडे गाळून टाकली होती. ही पद्धत त्यांनी १८९८ साली छापली. त्यांतला पाउंड पुढे हार्वर्ड विद्यापीठात कायद्याच्या शाखेचा प्रमुख झाला. पुराव्याची किंमत त्याला गवतातच कळली असावी.

आपल्याकडे पिकाच्या बाबतीत हेच झाले. गावकामगाराच्या नजरेवर उत्पादनाचे आकडे ठरत. १९४० नंतरच्या दशकात बंगालमध्ये महालनोबिस यांनी, आणि कृषी संशोधन परिषदेत डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे या मराठी माणसांनी, चिठ्ठी टाकल्यासारखी जागा निवडून तिथले पीक कापून तोलायची रीत बसवली. तीच आजची पीक कापणी. तिची अंमलबजावणी कशी होते यावर आपले भांडण आहे आणि राहील. पण रीत खोटी नाही. तीच आपण गवताला लावायची.

दुसरी गोष्ट, काय मोजायचे ते आधी ठरवावे लागते. 'कपाशी किती आहे?' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. उगवण पाहायची तर ओळीतली झाडे मोजतो. डवरणी थांबवायची तर ओळी मिळाल्या का ते पाहतो. पैसे मोजायचे तर क्विंटल. गवताचेही तसेच आहे. एक, रोपांची संख्या. दोन, वीस ठिकाणी पाहिले तर किती ठिकाणी सापडते, म्हणजे पसारा. तीन, जमीन किती झाकली. चार, वजन. हे चार आकडे एकमेकांची जागा घेत नाहीत. गाजरगवताची कोवळी रोपे एका चौकटीत शंभर असतील आणि वजन मूठभर. पवन्याचे चारच ठोंब असतील आणि विळा भरून गवत. हरळीची तर संख्या मोजताच येत नाही, कारण तिचे एक झाड कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेव्हा चाऱ्याचा प्रश्न असेल तर वजन करा. माती वाहून जाण्याचा प्रश्न असेल तर झाकलेली जमीन मोजा. तरोटा, गाजरगवत पसरते आहे का हे पाहायचे तर पसारा मोजा.

आता रीत. यासाठी कोणते यंत्र लागत नाही.

वजनासाठी एक-एक मीटरच्या चार काठ्या बांधून चौकट करा. जागा आपण निवडायची नाही. चौकट डोक्यावरून मागे फेकली तरी हात चांगल्या गवताकडेच फेकतो. म्हणून गायरानाच्या एका कडेपासून किती पावले सरळ आणि किती पावले उजवीकडे, अशा चिठ्ठ्या घरीच काढून ठेवा. चिठ्ठीप्रमाणे जिथे पोचाल तिथे चौकट टाका, मग तिथे खडक असला तरी. खडकावर शून्य लिहायचे, जागा बदलायची नाही. चौकटीत मूळ असलेले गवत दोन बोटे ठेवून कापा, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा आणि तोला. एका चौरस मीटरात जितके ग्रॅम, त्याच्या चौपट किलो एकराला. हा हिशेब शाळेतली मुलगीही करील. चौकटी दहा तरी हव्यात. वीस झाल्या तर उत्तम.

कोणते गवत किती हे पाहायचे असेल तर प्रत्येक जात वेगळी तोलायची गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या मॅनेट्ये आणि हेडॉक यांनी १९६३ साली सोपी युक्ती दिली. प्रत्येक चौकटीत वजनाने पहिले, दुसरे आणि तिसरे गवत कोणते एवढेच ठरवायचे. पहिल्याला सत्तर, दुसऱ्याला एकवीस, तिसऱ्याला नऊ असे टक्के धरायचे. शेवटी सगळ्या चौकटींची सरासरी काढायची. एखाद्या चौकटीत चूक होईल, पण पुष्कळ चौकटी झाल्या की सरासरी बरीचशी खरी निघते.

झाकलेल्या जमिनीसाठी तर चौकटही नको. जोड्याच्या टोकावर एक खूण करा आणि दूरच्या एखाद्या झाडाकडे नजर ठेवून सरळ चालत जा. प्रत्येक पावलाला खुणेखाली काय आले ते सोबत्याला सांगा: पवन्या, मारवेल, कुसळी, तरोटा, उघडी माती, दगड. शंभर पावलांत तीस वेळा उघडी माती आली तर तीस टक्के जमीन उघडी आहे. काटा आला म्हणून पाऊल वाकडे टाकायचे नाही, एवढाच नियम. चराऊ राने मोजणारे शास्त्रज्ञ हीच रीत वापरतात.

गवतांची शास्त्रीय नावे पाठ नसली तरी अडत नाही. धुऱ्यावर विळा चालवणारी माय आणि ढोरकी, या दोघांना गवत फुलोऱ्यावर नसतानाही ओळखता येते. त्यांनी नाव सांगायचे, शिकलेल्या पोराने लिहायचे. या कामात पुढारी त्यांनाच करा.

मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, खाल्लेल्या गवताची. ढोरे रोज चरत असतील तर चौकटीत उरलेलेच गवत सापडते. जे पोटात गेले ते मोजलेच जात नाही, आणि गायरान जितके जास्त उपयोगी तितका आकडा लहान दिसतो. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीलाच चार-पाच जागी बोराटीच्या फांद्यांचे कुंपण करून चौकटीएवढी जागा राखा. आतले आणि बाहेरचे गवत दोन्ही तोला. आत जे जास्त भरेल तेवढे साधारण ढोरांनी खाल्ले.

दुसरी फसगत हिरव्या रंगाची. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेत उपग्रहाने टिपलेल्या हिरवेपणाला मोठे स्थान आहे. उपग्रह खोटे बोलत नाही. पण त्याला हिरवे दिसते ते मारवेल आहे की गाजरगवत हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते गायीला कळते. पन्नासच्या दशकाच्या मध्याला पुण्यात नजरेत भरलेले गाजरगवत आज कोणत्या गावात नाही? हिरवे गायरान आणि उपाशी ढोर असे दृश्य भाद्रपदातही दिसते. त्याचा पुरावा जमिनीवरूनच गोळा करावा लागेल.

आता जी गोष्ट सांगायची ती काही जणांना आवडणार नाही. माप दोन्ही बाजूंनी कापते.

समजा, एका गावाचे गायरान चाळीस एकर आहे आणि राखलेल्या चौकटींत वाळलेले गवत सरासरी १२० ग्रॅम भरले. एकराला ४८० किलो, चाळीस एकरांचे १९२ क्विंटल. साहेबाच्या 'काही नाही'च्या जागी १९२ क्विंटल हा आकडा उभा राहिला. त्याला कडब्याच्या भावाने गुणा आणि ग्रामसभेत सांगा. पण हिशेब इथे थांबत नाही. सगळे गवत खाऊन टाकले तर पुढच्या वर्षी ठोंब राहणार नाही. निम्मे जागेवर सोडायचे. उरले ९६ क्विंटल. तीनशे किलो वजनाचे जनावर दिवसाला सहा किलो कोरडा चारा खाते असे धरले तर चार महिने तेरा जनावरे पोसतात. तेरा! आणि त्या गायरानावर सकाळी शंभर जनावरे सुटत असतील, तर गायरान कोणी संपवले याचे उत्तर फक्त सरकारकडे बोट दाखवून देता येणार नाही.

चराई वाढली की पवन्या आणि मारवेल मागे हटतात, कुसळी पुढे येते. कुसळी कोवळी असताना ढोरे खातात, पण कुसळे धरली की तोंडाला टोचते. त्याहून चराई वाढली की कुसळीही जाते आणि माती उघडी पडते. हे सगळे पावलांच्या मोजणीत दिसेल. कोणी धुरा सरकवत सरकवत गायरानात चार तास वाढवले असतील तर तेही दोरी टाकताच दिसेल. म्हणून मोजणीला विरोध साहेबाकडून होण्याआधी गावातूनच होईल, ही माझी भीती आहे.

तरीही मोजले पाहिजे असे माझे मत आहे. कारण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. तेच चाळीस एकर पाळीपाळीने राखले, तरोटा फुलण्याआधी उपटला आणि गवत १२० ग्रॅमवरून ३०० ग्रॅमवर गेले, तर तेराऐवजी तेहतीस जनावरे पोसतात. हे कोणाच्या अनुदानावर अवलंबून नाही. पण आज किती आहे हेच माहीत नसेल, तर उद्या वाढले की घटले हे कोण सांगणार?

एका वर्षाच्या आकड्यावर भुलू नका. पाऊस चांगला झाला की गवत वाढते, त्यात आपली करामत नसते. म्हणून गवताच्या आकड्याशेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच मापाच्या चौकटीने मोजा. इंग्लंडमध्ये रोथामस्टेड येथे गवताचे एक रान १८५६ पासून मोजले जात आहे. ज्या पट्ट्यांत वर्षानुवर्षे नत्रखत टाकले तिथे गवत वाढले पण जाती कमी होत गेल्या, आणि ज्यांत काहीच टाकले नाही तिथे सर्वांत जास्त जाती टिकल्या. हे कोणाच्या नजरेला एका वर्षात दिसले नसते. वह्यांतून दिसले.

या वहीला कायद्यातही जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. विदर्भातल्या गावांना निस्तारपत्रक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे. या कागदांत आपल्या गवताचे वजन लिहिलेले नसते, कारण आपण ते कधी दिलेच नाही.

तेव्हा या बैठकीपुढे माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावाने चार काठ्या, एक विळा, एक तराजू आणि एक वही एवढे सामान जमवावे. मिरगाच्या पावसानंतर बोराटीचे कुंपण घालावे. गवत फुलोऱ्यावर येईल तेव्हा, दिवाळीच्या कापणीआधी, एक दिवस मोजणीला द्यावा. आकडा चांगला निघो की वाईट, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, ठरावात लिहून घ्यावा आणि त्याची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी.

आमच्या गावात यंदा मोजणी करायची ठरली आहे. पुढच्या वेळी साहेब वैशाखात आले, तरी आश्विनातले आकडे त्यांच्यापुढे ठेवता येतील. ते आकडे आम्हाला शोभतील की नाही हे मला आज माहीत नाही. पण ते आमचे असतील.